झांकलेला सांधा

ज्या कामावर पुन्हां कोणाची दृष्टि पडावयाची नाहीं, तें काम नीट करण्याचें बंधन मनुष्यावर कोठून येतें, हा प्रश्न नीतिशास्त्रांत फार जुना आहे. आमच्यापुढें मात्र तो ग्रंथांतून आला नाहीं. आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डामागून आला. विषय वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरीं मोटार आहे, किंवा ज्याच्या भिंतींत विजेच्या तारा बुजविलेल्या आहेत, त्या प्रत्येक घरास हा प्रश्न आज ना उद्यां भेटणारा आहे. म्हणून घडलेली हकीगत आधीं सांगतों आणि तिच्यांतून निघणारा विचार मागाहून मांडतों.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही सहकुटुंब पुण्याहून ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरत होतों. संध्याकाळ झाली होती, आणि पाऊस असा कीं वायपर एकसारखा फिरत असतांहि रस्ता अंधुकच दिसावा. एका वळणावर चाक खड्ड्यांत गेलें आणि त्या हिसक्यासरशीं वायपर कांचेच्या मध्यावरच थांबला. वेगाच्या कांट्यामागचे दिवे मालवले. वळणाचा इशारा देणारे दिवेहि लागेनात. समोरून मालमोटार येत होती. कांचेवर पसरलेल्या पाण्यांतून तिच्या दिव्यांचे दोन डाग तेवढे दिसत होते. आम्हीं केवळ अंदाजानें गाडी कडेला घेऊन उभी केली आणि ती मालमोटार हात-दोन हातांच्या अंतरानें निघून गेली. मागें मुलें निजलीं होतीं. तीं जागींहि झालीं नाहींत. पाऊस ओसरल्यावर आम्ही हळूहळू पुढें निघालों, तों दुसऱ्या एका खड्ड्याच्या हिसक्यानें सारे दिवे आपोआप लागले! बंद पडलेल्या दिव्यांपेक्षां या आपोआप लागलेल्या दिव्यांचीच आम्हांस अधिक धास्ती वाटली.

पुण्यास परतल्यावर मोटारींच्या विजेचें काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनीं आमची हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाले, “तीन वस्तू एकदम बंद पडल्या म्हणजे तीन बिघाड नसतात, साहेब. तिघींचं जें एक सामाईक असेल तिथं बघायचं.” मोटारींत बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेलें असतें. प्रत्येक दिव्यास वीज तारेनें येते आणि परत जातांना सांगाड्यांतून जाते. तार जेथें सांगाड्यास मिळते त्या जागेस हे लोक ‘अर्थ’ म्हणतात. अनेक उपकरणांचा ‘अर्थ’ पुष्कळदां एकच असतो. तो ढिला झाला कीं एरवीं एकमेकांशीं संबंध नसलेलीं उपकरणें एकदम रुसतात.

ती जागा डॅशबोर्डाच्या आवरणामागें होती. मिस्त्रींनीं प्रथम बॅटरीची ऋण तार सोडली आणि ते स्वस्थ बसून राहिले. एअरबॅगच्या यंत्रणेंत बॅटरी सुटल्यावरहि कांहीं काळ वीज सांठून राहते, म्हणून अशा कामांत कांहीं मिनिटें थांबावें लागतें. नंतर त्यांनीं प्लॅस्टिकची चपटी पट्टी फटींत सारून आवरण उचलावयास प्रारंभ केला. बाहेरून एकहि स्क्रू दिसत नव्हता. सारें आवरण आंतल्या क्लिपांवर बसलेलें. प्रत्येक क्लिप सुटतांना ‘टक्’ असा आवाज होई आणि आमच्या पोटांत धस्स होई. आवरण निघालें, तेव्हां आंत तारांचे जुडगे कापडी पट्टीनें नीट गुंडाळलेले दिसले. त्यांच्या मधोमध मात्र एक परकी काळी तार होती. तिचें एक टोंक मूळच्या तारेस नुसतें बोटांनीं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. दुसरें टोंक रंग न खरवडतां एका पत्र्यावरील स्क्रूखालीं दडपलेलें. चिकटपट्टीचा डिंक वितळून ओघळला होता आणि तारेचें वेष्टण तपकिरी पडलें होतें.

मिस्त्रींनीं एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांस हात न लावतां बॅटरी तेवढ्यापुरती पुन्हां जोडली, दिवे व वायपर चालू केले, आणि मीटरची एक सुई त्या तारेवर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोंकावर धरली. या दोहोंत अंतर जवळजवळ शून्य असावें. मीटरनें तीनांहून अधिक व्होल्ट दाखविले. बारा व्होल्टांतील एवढा हिस्सा त्या दोन वाईट सांध्यांतच उष्णतेच्या रूपानें जळत होता! “मग फ्यूज कसा उडाला नाहीं?” आम्हीं विचारलें. “फ्यूज जास्त करंट गेला तर उडतो, साहेब. ढिल्या जोडांतून करंट उलट कमीच जातो. जोड आपल्या जागीं तापत राहतो. फ्यूजला त्याचा पत्ताच नसतो.”

आमच्या संतापास पारावार राहिला नाहीं. तीन वर्षांपूर्वीं हेच दिवे असेच गेले होते आणि एका गॅरेजवाल्यानें ते दुरुस्त करून दिले होते. ही पिळलेली तार त्याचीच, यांत संशय नव्हता. त्याच सायंकाळीं आम्हीं दोघां स्नेह्यांस त्याच्या नांवानिशीं ही गोष्ट सांगितली आणि “तेथें पाऊल टाकूं नका” असा उपदेशहि केला. हीच कथा रात्रीं घरीं सांगूं लागलों, तेव्हां घरांतून शांतपणें प्रश्न आला, “अहो, पण त्या वेळीं तो डॅशबोर्ड उघडतों म्हणत होता ना?”

आम्ही गप्प झालों. सर्व आठवलें. गणपतीसाठीं दुसऱ्या दिवशीं गांवीं निघावयाचें होतें. त्या मनुष्यानें सांगितलें होतें कीं, आवरण काढावें लागेल, दोन दिवस लागतील. आम्हींच म्हणालों होतों, “तें नका उघडूं, मग जन्मभर खडखडतें. कसेंहि करून संध्याकाळपर्यंत दिवे लावून द्या.” मग तो खालून हात घालून जेवढें पोंचतां येईल तेवढें करून मोकळा झाला. निघतांना तो म्हणाला होता, “परत आल्यावर आणा, नीट करून देतों.” दिवे लागत होते, आम्ही पुन्हां तिकडे फिरकलों नाहीं.

आतां त्या गॅरेजवाल्यास आम्ही सर्वस्वीं निर्दोष ठरवीत नाहीं. रंग खरवडून तार घट्ट आंवळण्यास फार तर आणखी दहा मिनिटें लागलीं असतीं. तेवढ्यापुरता दोष त्याचा. परंतु त्यानें संशय उघड बोलून दाखविला होता, आणि तो संशय आवरणामागें ढकलून देण्याची आज्ञा आमची होती. तीन वर्षें आम्ही “गाडी ठीक आहे” असें म्हणत होतों आणि तें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतहि होतें. येथें मूळ प्रश्न उभा राहतो: प्रामाणिकपणें वाटणें ही सबब पुरेशी आहे काय?

क्लिफर्ड नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें 1877 सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याचा आरंभ एका जहाजमालकाच्या दृष्टान्तानें होतो. जहाज जुनें असतें, त्याला डागडुजी हवी असें लोक सुचवितात. मालकाचें मन प्रथम कचरतें. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या तशी हीहि होईल, अशी तो आपली समजूत घालतो आणि निर्मळ मनानें उतारूंना निरोप देतो. जहाज बुडतें. मालक दोषी हें उघडच आहे. परंतु क्लिफर्ड पुढें जाऊन म्हणतो कीं, जहाज सुखरूप पोंचलें असतें तरीहि तो तितकाच दोषी. कारण शंका तपासून नव्हे, तर दडपून मिळविलेला विश्वास धरण्याचा त्यास अधिकारच नव्हता. आम्हीं हा निबंध पूर्वीं वाचला होता आणि त्या मालकास मनांतल्या मनांत शिक्षाहि ठोठावली होती. ताम्हिणी घाटांत आमचें जहाज बुडालें नाहीं, एवढाच काय तो फरक.

हा दोष एकट्यादुकट्याचाच असतो असेंहि नाहीं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें 2014 सालीं सुमारें 26 लक्ष गाड्या एका लहानशा भागासाठीं परत बोलाविल्या. किल्लीचा तो स्विच हिसक्यानें आपल्या जागेवरून सरके. मग चालत्या गाडीचें इंजिन बंद पडे आणि अपघात झाला तर एअरबॅगहि उघडत नसे. 2006 सालींच त्या भागाच्या रचनेंत बदल मंजूर झाला होता; परंतु भागाचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. त्यामुळें नव्या गाड्यांत दोष कां दिसत नाहीं, हें शोधणारे वर्षानुवर्षें चकले. अखेर एका खटल्यांतील तज्ज्ञानें जुना व नवा स्विच शेजारीं शेजारीं ठेवून आंतून पाहिले, तेव्हां भेद उघडकीस आला. नुकसानभरपाईच्या निधीनें 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीनेंच करविलेल्या चौकशीच्या अहवालांत तेथील एका रीतीचें वर्णन आहे: सभेंत सर्वांनीं माना डोलवावयाच्या आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणींच कांहीं करावयाचें नाहीं. “परत आल्यावर आणा,” असें गॅरेजवाला म्हणाला तेव्हां आम्हींहि अशीच मान डोलविली होती.

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, मग मनुष्यानें प्रत्येक आवरण उघडून पाहत बसावें काय? वैद्यानें दिलेली गोळी, गवंड्यानें लिंपलेली भिंत, पुलाच्या पोटांतील सळई, हें सर्व आपण विश्वासावरच घेतों. विश्वास नसेल तर समाज एक दिवसहि चालणार नाहीं. हा आक्षेप खरा आहे. आवरण म्हणजे पाप असेंहि नाहीं. घोडागाडीच्या काळीं घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल हांकणाऱ्याच्या अंगावर येऊं नये म्हणून पुढें जी फळी बसवीत, तिचेंच डॅशबोर्ड हें नांव मोटारींत उतरलें आहे. घाण अंगावर येऊं न देणें हाच तिचा मूळ धर्म होय. परंतु विश्वास निराळा आणि सोय निराळी. विश्वास ठेवणारा विचारतो व मिळालेलें उत्तर मानतो. सोय पाहणाऱ्यास उत्तर नकोच असतें. सर्व आवरणें उघडण्याचें कर्तव्य कोणावरच नाहीं. एकदां दिवा लुकलुकला, एकदां जाणत्यानें “आंत पाहिलें पाहिजे” म्हणून सांगितलें, म्हणजे मात्र न पाहणें हीहि आपली कृति होते आणि तिचें फळ आपल्या नांवें जमा होतें. आमच्या बाबतींत तें फळ मागच्या आसनावर निजलेल्या मुलांच्या पदरीं पडावयाचें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही प्रथम त्या दोघां स्नेह्यांकडे गेलों आणि आदल्या दिवशींच्या गोष्टींतील गाळलेला भाग त्यांस सांगितला. घाटांत गाडी कडेला घेण्यापेक्षां हें काम आम्हांस जड गेलें. तेथून गॅरेजांत पोंचलों तों मिस्त्री काम आटोपत आले होते. जळका भाग कापून त्यांनीं नवी तार डाखानें जोडली होती. सांगाड्यावरील रंग पॉलिश पेपरनें घासून धातु उघडा केला होता आणि तारेच्या टोंकास कडी बसवून बोल्टानें आंवळली होती. मीटरचा कांटा आतां शून्याजवळ होता. शेवटीं त्यांनीं तारेवर कागदाची एक चिठ्ठी गुंडाळून तिच्यावर तारीख लिहिली.

“ही आंत कोण वाचणार?” आम्हीं विचारलें.

“पुढं कधीं कुणीतरी उघडणारच कीं, साहेब. त्याला कळायला नको का? आणि त्यानं मला शिवी देऊं नये.”

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें याहून नेटकें उत्तर आम्हांस अद्याप कोठें सांपडलेलें नाहीं. झांकलेलें काम कोणी पाहणार नाहीं, हें गृहीतच मुळांत चुकीचें आहे. तें कोणा ना कोणापुढें उघडें होणार असतें, मग तो वीस वर्षांनंतरचा अनोळखी मिस्त्री असो कीं अंधारांतलें एखादें वळण असो.

“बसवूं का आतां पॅनेल?” मिस्त्रींनीं विचारलें.

“थांबा,” आम्ही म्हणालों, आणि विजेरी मागून घेऊन आंत डोकावलों. सांध्यांतलें आम्हांस फारसें कांहीं कळलें नाहीं. तरी एकदां नीट पाहून घेतलें, आणि मग बसवा म्हणून सांगितलें.