उसनवारीची रीत

मागे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रकल्पस्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका गटाचं काम फारच देखणं होतं, म्हणून कोड उघडायला सांगितला. पाहतो तर ओळखीचा. वरच्या परवान्याच्या ओळी तेवढ्या गाळलेल्या. मूळ लेखकाने टिपणीत केलेली स्पेलिंगची चूक मात्र जशीच्या तशी. विचारलं, तर मुलगा सहज म्हणाला, “सर, ओपन सोर्स आहे ना? फुकटच असतं.”

फुकट आहेच. एमआयटी परवाना म्हणतो, वापरा, बदला, हवं तर विका. फक्त मूळ कर्त्याचा हक्कनिर्देश आणि परवान्याचा मजकूर सोबत राहू द्या. नेमकं तेवढंच याने पुसलं होतं. पण मुलाला काय बोलावं? “यात तुझं स्वतःचं काय?” हा प्रश्न आम्ही परीक्षकच दरडावून विचारतो. “कुणाकडून काय शिकलास?” असं कौतुकाने विचारल्याचं मला तरी आठवत नाही. घेणं म्हणजे कमीपणा, हे आपणच मुलांच्या मनात भरवलं आहे. मग ती लपवतात.

आता दुसरं टोक पाहा. २००३ च्या जानेवारीत ॲपलने सफारी ब्राउझर आणला. त्याचं इंजिन केडीई या मुक्त प्रकल्पाच्या केएचटीएमएलवर बेतलेलं होतं. ॲपलने ते लपवलं नाही. केडीईच्या मंडळींचे जाहीर आभार मानले, केलेले बदलही खुले केले. परवाना पाळला गेला. तरी २००५ पर्यंत केडीईचे लोक वैतागले होते, कारण बदल यायचे ते एका भल्यामोठ्या गठ्ठ्यात. कोणती दुरुस्ती कशासाठी, याचा पत्ता नाही. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर न्यावी आणि परत करताना साखर, रवा, मीठ एकत्र कालवून द्यावं, तसं. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने सफारीच्या या इंजिनाचं, म्हणजे वेबकिटचं, रोजचं काम सर्वांसमोर मांडलं. पुढे क्रोम वेबकिटवरच उभा राहिला. तो आजही संकेतस्थळांना स्वतःची ओळख सांगताना ‘केएचटीएमएल, लाइक गेको’ हे शब्द पाठवतो. त्यामागे सुसंगतीची निकड आहे, कृतज्ञता नव्हे. पण पणजोबांचं नाव राहिलं खरं. (गेको हे मोझिलाचं इंजिन. म्हणजे पणजोबाही कुणासारखे तरी होते!)

आपल्या अगदी जवळचं उदाहरण हार्फबझचं. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतला फरक अँड्रॉइड फोनवर किंवा फायरफॉक्समध्ये नीट दिसतो, तो अक्षरं जुळवणाऱ्या या छोट्या सॉफ्टवेअर लायब्ररीमुळे. मूळ कोड फ्रीटाइप या टंकविषयक मुक्त प्रकल्पातला. ग्नोम या डेस्कटॉपच्या पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीने त्याची एक प्रत नेली, केडीई ज्यावर उभं आहे त्या क्यूटीने दुसरी. ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप तर पक्के प्रतिस्पर्धी. एकाच अक्षराचं दुखणं दोन्ही घरांत वेगवेगळं औषध देऊन बरं करणं चाललं होतं. मग शहाणपण सुचलं आणि दोन्हीकडचं काम हार्फबझ या एका नावाखाली आलं. बेहदाद इस्फहबोद यांनी पुढे ते नव्याने लिहिलं. भारतीय लिप्यांसाठी त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब या अक्षरजुळणीच्या यंत्रणेशी शब्दागणिक निकाल ताडून पाहिला. युनिस्क्राइबचा कोड बंद, पण कागदावर उमटलेलं जोडाक्षर कुणालाही पाहता येतं. ते पाहून शिकले, आणि कुणाशी ताडलं हे उघडपणे नोंदवून ठेवलं. याला चोरी म्हणणाऱ्याने मग गुरूचं गाणं ऐकून शिकणाऱ्या शिष्यालाही चोर म्हणावं.

आणि आपण? मराठी टंक, कळफलक, शब्दकोश आपण रोज वापरतो. अर्ध्या ‘र’ची गडबड दिसली की चडफडतो, चित्र काढून मित्रांना पाठवतो, हसतो. ज्यांनी ते बनवलं त्यांना कळवायचं मात्र राहून जातं. कंपन्यांचं निराळं नाही. मुक्त कोडवर आख्खं उत्पादन उभारायचं, सापडलेली दुरुस्ती स्वतःच्या कपाटात ठेवायची आणि पुढच्या आवृत्तीला तीच दुरुस्ती पुन्हा करत बसायची. यात धूर्तपणाही नाही, निव्वळ चुकलेला हिशेब आहे.

त्या मुलाला मी बाद केलं नाही. परवान्याच्या ओळी परत लाव आणि त्याखाली तू काय बदललंस ते लिही, म्हटलं. “आणि ती स्पेलिंगची चूक सुधारून मूळ लेखकाला पाठव.”

“एवढीशी?” तो म्हणाला, आणि तिथेच बाकावर बसून ती चूक शोधायला लागला.