मौजेची देवघेव आणि तिची नीति

मनुष्याला दुःख एकट्यानें गिळतां येतें. परंतु मौज एकट्यानें भोगणें त्याला फार कठीण जातें. एखादी चमत्कारिक बातमी वाचनांत आली, एखादें विनोदी चित्र दृष्टीस पडलें, कीं तें दुसऱ्या कोणाला तरी दाखविल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. आणि तो दुसरा हंसला म्हणजेच आपलें हंसणें पुरें झालें असें त्याला वाटतें. ही वृत्ति मुळांत चांगली आहे. जो आपली भाकर दुसऱ्याला देतो त्याची भाकर तेवढी कमी होते; जो आपली मौज दुसऱ्याला देतो त्याची ती वाढते. ज्या व्यवहारांत देणारा व घेणारा दोघेहि नफ्यांत राहतात असे व्यवहार जगांत थोडे. त्यांपैकीं हा एक आहे. परंतु ह्या व्यवहारांत एक अडचणीचा प्रश्न दडलेला आहे. आपण जी गंमत पुढें देतों ती बहुधा आपण निर्माण केलेली नसते. ती कोठून तरी आपल्याकडे आलेली असते, आणि आपण केवळ हात लांब करून ती शेजाऱ्याच्या हातीं ठेवतों. मग तिच्या खरेखोटेपणाची व तिच्या परिणामांची जबाबदारी आपल्यावर येते काय? येत असल्यास किती?

हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, जवळा बाजार नांवाचें गांव आहे. ज्या गांवाच्या नांवांतच बाजार आहे, त्याला बाजारांत मालाबरोबर वार्ताहि येतात हें निराळें सांगावयास नको. पूर्वीं अशा गांवीं नवलाईची गोष्ट येई ती माणसाच्या पायांनीं येई. कोणी व्यापारी, कोणी वारकरी, कोणी बहुरूपी किंवा गोसावी ती घेऊन येई. आणि ऐकणारा गोष्टीबरोबर सांगणाऱ्याचें तोंडहि पाही. हा नेहमीं फुगवून सांगतो, त्याचें रुपयांतील चार आणे खरें धरावें. तो मितभाषी आहे, त्याचें ऐकावें. असा हिशेब श्रोत्यांच्या मनांत चालूच असे. शिवाय सांगणाऱ्याला पुढच्या बाजाराला त्याच जागीं येऊन बसावयाचें असे. खोटा माल विकणाऱ्याला जी भीति, तीच खोटी गोष्ट सांगणाऱ्याला.

आज त्याच गांवचे शाळासोबती पोटापाण्याच्या निमित्तानें दूरदूर पांगलेले असतात, आणि मोबाइलवरील एखाद्या ग्रुपांत सकाळसंध्याकाळ एकत्र येतात. व्हॉट्सॲप हें साधन २००९ सालीं निघालें. त्यानें चावडीवरील पार उचलून प्रत्येकाच्या खिशांत ठेवला. ह्या पाराची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. परमुलुखांत एकट्या खोलींत जेवणाऱ्या मनुष्याला गांवाकडच्या मित्रानें धाडलेलें एक हास्यचित्र किती धीर देतें, हें ज्याला ठाऊक आहे तो ह्या देवघेवीला रिकामटेकडेपणा म्हणणार नाहीं. पुष्कळदां त्या चित्राचा खरा अर्थ ‘तुझी आठवण झाली’ एवढाच असतो. मात्र ह्या नव्या पारावर एक गोष्ट हरवली आहे, ती म्हणजे मूळ सांगणाऱ्याचें तोंड. गोष्ट हजारों हातांतून येते आणि शेवटच्या हाताचाच तेवढा वास तिला लागलेला असतो. तो हात मित्राचा असतो, म्हणून ती गोष्ट खरी वाटते.

येथें कोणी म्हणेल, गमतीला खरेखोटेपणाची कसोटी कशाला? विनोद खरा आहे कीं खोटा असें कोणी विचारीत नाहीं. हें म्हणणें अर्धें बरोबर आहे. विनोद व नवल हीं दोन्हीं एकाच ताटांत वाढलीं जातात, म्हणून आपण त्यांना एकच पदार्थ समजतों. पण त्यांची जात वेगळी आहे. गुरुजी व विद्यार्थी ह्यांच्या संवादाचा चुटका सांगितला तर तो घडला असो वा नसो, हंसूं तेवढेंच येतें. कारण घडल्याचा दावाच त्यांत नसतो. नवलाची गोष्ट तशी नव्हे. अमक्या ठिकाणीं दोन तोंडांचें वासरूं जन्मलें, ह्या वाक्यांतील सारी रुचि तें खरोखर जन्मलें ह्या समजुतींत आहे. तें खोटें आहे असें कळतांच त्याची चव जाते. आख्यायिकेची जात तिसरीच. औंढ्याचें देऊळ नामदेवांसाठीं फिरलें ही कथा त्या मुलुखांत पिढ्यान् पिढ्या सांगतात. पण ती सांगणारा देवळाच्या पायाची मोजणी सांगत नसतो, भक्तीची थोरवी सांगत असतो, आणि श्रोत्यालाहि तें ठाऊक असतें. सारांश, चुटका सांगणारा रंजन करतो, कथा सांगणारा बोध करतो, पण नवल सांगणारा साक्ष देतो. आणि साक्षीला नीति लागू होते.

ही साक्ष आपण किती स्वस्त केली आहे ह्याचीं उदाहरणें जवळचींच आहेत. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो ही वार्ता एका दिवसांत देशभर व देशाबाहेरहि पसरली. तेव्हां खिशांतला मोबाइल नव्हता, घरोघरचा टेलिफोनच पुरला. चमच्यांतील दूध मूर्तीच्या सोंडेला टेकलें कीं पृष्ठताणानें ओढलें जाऊन मूर्तीवरून ओघळतें, हा खुलासा वैज्ञानिकांनीं लागलीच केला. पण नवलाच्या मानानें खुलासा पांगळा ठरला. ऑगस्ट २००६ मध्यें माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचें पाणी गोड झाल्याची वार्ता उठली, आणि जेथें मिठी नदी शहराची घाण आणून सोडते तेथील पाणी लोक ओंजळींनीं प्याले व बाटल्यांत भरून घरीं घेऊन गेले. ह्या दोन्ही प्रसंगांना आपण आज हंसतों. तिसऱ्या प्रसंगाला हंसतां येत नाहीं.

१ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा ह्या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. त्या दिवशीं तेथें पांच माणसें आलीं होतीं. तीं बहुतेक मंगळवेढें तालुक्यांतील, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं, भिक्षेवर गांवोगांव फिरणारीं. मुलें पळविणारी टोळी आली आहे असे संदेश त्या सुमारास मोबाइलवरून गांवोगांव फिरत होते. लोकांनीं ह्या पांच जणांना पकडलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें व ठार मारलें. ज्या समाजांनीं पिढ्यान् पिढ्या दारोदार फिरून एका गांवची गोष्ट दुसऱ्या गांवाला पोंचविली, त्यांपैकींच एका समाजाचीं हीं माणसें, ज्या गोष्टीचा सांगणारा कोणालाच ठाऊक नव्हता अशा गोष्टीपायीं, भर बाजाराच्या दिवशीं मेलीं. त्या वर्षीं देशांत फिरलेल्या अशा चित्रफितींपैकीं एक तर मुळांत कराचींतील मुलांच्या सुरक्षिततेसाठीं केलेली बोधपर चित्रफीत होती. पळविलेलें मूल परत आणून सोडतात व सावध राहण्याचा उपदेश करतात, असा तिचा शेवट होता. कोणीतरी तेवढा शेवट कापला. बोध गेला व भय उरलें.

ते संदेश ज्यांनीं पुढें धाडले त्यांना विचारलें तर त्यांतील बहुतेक जण काय म्हणतील? ‘आम्हीं कोणाला मारलें नाहीं, आम्हीं तर मुलांच्या काळजीनें सावध केलें.’ ह्यांत ढोंग नाहीं, आणि म्हणूनच ह्याचा विचार केला पाहिजे. हेतु चांगला असणें पुरेसें असतें तर नीतिशास्त्राचें अर्धें काम संपलें असतें. एका दगडानें मनुष्य मेला तर मारणारा सांपडतो. शंभर जणांनीं एकेक खडा टाकला तर प्रत्येक जण म्हणतो, माझ्या खड्यानें तो मेला नाहीं. जबाबदारी वांटली गेली म्हणजे ती कमी होते असें आपण समजतों. वस्तुतः मौजेप्रमाणें तीहि वांटल्यानें कमी होत नाहीं. प्रत्येकाकडे ती पुरीच येते, फक्त कोणालाच ती जाणवत नाहीं.

कायदा ह्या बाबतींत किती पुढें जाऊं शकतो? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ सालीं असा निर्णय दिला कीं, ग्रुपांतील एखाद्या सभासदानें आक्षेपार्ह मजकूर घातला तर, समान हेतु वा पूर्वसंकेत दिसत नसतां, केवळ ग्रुप चालविणाऱ्याला त्याबद्दल दोषी धरतां येणार नाहीं. निर्णय न्याय्यच आहे. दुसऱ्याच्या जिभेबद्दल तिसऱ्याला शिक्षा हा कायदा नव्हे. कंपनीनेंहि आपल्या परीनें बांध घातला. जुलै २०१८ मध्यें तिनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें धाडतां येईल अशी मर्यादा ठरविली, पुढें ती साऱ्या जगाला लावली, आणि एप्रिल २०२० मध्यें फार वेळां फिरलेल्या संदेशाला ती एकावर आणली. पूर्वीं वर्तमानपत्रांतील तुकडा कापून पाकिटांत घालून मित्राला धाडावयाचा तर श्रम पडत, आणि ते श्रमच चाळणीचें काम करीत. त्या हरवलेल्या श्रमांची जागा ह्या मर्यादेनें थोडीशी भरून काढली. परंतु मर्यादा संख्या मोजते, विवेक करीत नाहीं. खोटी गोष्ट पांच जणांना सांगणें ही पन्नासांना सांगण्याहून लहान चूक असेल, पण ती चूक नव्हे असें होत नाहीं.

आपल्या भाषेंत ह्या प्रश्नाची किल्ली एका शब्दांत आहे, व तो शब्द म्हणजे ‘आप्त’. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत, आणि शब्द प्रमाण केव्हां, तर तो आप्ताचा असेल तेव्हां. आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनानें सांगितलेल्या लक्षणाचा भावार्थ असा कीं, ज्याला ती वस्तु साक्षात् कळलेली आहे आणि जशी कळली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त; मग तो ऋषि असो, आर्य असो वा म्लेच्छ असो. म्हणजे कुळ किंवा नातें ह्यांचा येथें संबंध नाहीं. पण मराठींत येतां येतां ह्या शब्दाचा अर्थ सरकला, आणि आप्त म्हणजे नातलग, आपला माणूस असें आपण म्हणूं लागलों. मित्रमंडळींतील साऱ्या घोटाळ्याचें मूळ ह्या दोन अर्थांच्या गफलतींत आहे. संदेश धाडणारा मित्र मराठी अर्थानें आपला आप्त असतो. आपण त्याला न्यायशास्त्राच्या अर्थानें आप्त समजतों. त्याच्या ठिकाणीं प्रामाणिकपणा असतो, साक्षात् ज्ञान नसतें. आणि पुढें धाडणाऱ्याचा गुन्हा कोणता म्हणाल तर हाच, कीं मित्राचा आपल्यावरील लोभ तो नकळत एका अनोळखी वाक्याला उसना देतो.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, प्रत्येक गमतीची अशी झडती घेऊं लागलों तर मैत्रीची कचेरी होईल आणि हंसणें संपेल. आक्षेप रास्त आहे. परंतु झडती घ्या असें माझें म्हणणें नाहीं. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटानें चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. त्याहि एका अर्थानें आवडत्या माणसाच्या आठवणींची देवघेवच होत्या. पण ज्यांनीं पाहिलें त्यांच्याकडे तो स्वतः गेला, त्यांना विचारलें, आणि लीळाचरित्राच्या परंपरेंत भिन्न स्मृति एकत्र कालवून टाकल्या गेल्या नाहींत. वेगळा पाठ वेगळा म्हणून नोंदला गेला. एवढे कष्ट चुटक्यासाठीं कोणी घ्यावे असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांतील वृत्ति मात्र घेण्याजोगी आहे. जें ठाऊक आहे तें ठाऊक म्हणून सांगावें. जें नुसतें ऐकलें तें ऐकीव म्हणून सांगावें. ‘खरें कीं खोटें देव जाणे, पण मौजेचें आहे’ एवढे शब्द जोडले तर गंमत उणी होत नाहीं आणि साक्षीचा दोष टळतो. भय किंवा द्वेष उत्पन्न करणारी वार्ता असेल तर मात्र ठाऊक असल्यावांचून ती पुढें देऊंच नये. आणि आपण पुढें दिलेली गोष्ट खोटी ठरली तर ज्या वाटेनें ती धाडली त्याच वाटेनें दुरुस्तीहि धाडावी. दुरुस्तीला नवलाचे पाय नसतात. तिला कोणीतरी खांद्यावर घेऊन जावेंच लागतें.

विनोद साक्ष देत नाहीं म्हणून तो सर्वस्वीं मोकळा सुटला असेंहि नाहीं. त्याची कसोटी दुसरी आहे. ज्याच्यावर हंसावयाचें तो समोर असतांना ती गोष्ट सांगतां येईल काय? लहान गांवाच्या ग्रुपांत तो बहुधा समोरच असतो. एखाद्या जातीवर, एखाद्या धर्मावर, एखाद्याच्या व्यंगावर चुटका येतो. दहा जण हंसल्याच्या खुणा धाडतात. अकरावा कांहींच बोलत नाहीं. त्याचें मौन मोबाइलवर दिसत नाहीं, कारण तेथें न बोलणारा व अनुपस्थित ह्यांत भेद नाहीं. पारावर त्याचा उतरलेला चेहरा तरी दिसला असता आणि कोणीतरी विषय बदलला असता. तो ग्रुप सोडून जात नाहीं, कारण तीं त्याचीच माणसें असतात. पण त्या दिवसापासून तो तेथें थोडा कमी असतो. ज्या मौजेनें मंडळ जमावें तिनेंच मंडळांतील एकाला बाहेर बसविलें, तर ती मौज वांटल्यानें वाढली असें म्हणतां येत नाहीं.

तात्पर्य, मौज पुढें देणें हें दानासारखें आहे, आणि दानाला पात्र पाहावें लागतें तसाच देय पदार्थहि पाहावा लागतो. आपण जें पुढें देतों त्याबरोबर आपलें नांव व आपल्यावरचा विश्वास हीं दोन्हीं जातात. गंमत परक्याची असली तरी हीं दोन आपलींच असतात. मित्राला हंसविण्याइतका आप्तपणा बहुतेकांजवळ असतो. त्याला फसूं न देण्याइतका आप्तपणा अंगीं आणणें हें अधिक कठीण आहे. परंतु शब्दाचा जुना अर्थ तोच होता.