कर्त्यामागें उरलेलें यंत्र

कर्ता निवृत्त झाला म्हणजे त्यानें घडविलेल्या वस्तूचें मोलहि सरतें काय? मिनोल्टाच्या जुन्या कॅमेऱ्यांकडे पाहतांना हा प्रश्न आम्हांपुढें उभा राहतो. १९२८ सालीं जपानांत निघालेली ही पेढी २००३ मध्यें कोनिकाशीं एक झाली, आणि २००६ सालीं तिनें कॅमेऱ्यांचा व्यवसायच सोडला.

तिचा १९६६ चा एसआर-टी १०१ घ्या. त्याचें शटर सर्वस्वी यांत्रिक. बॅटरी लागते ती केवळ प्रकाशमापकास. उलट, २००४ चा डिजिटल मॅक्झम ७डी. चित्रग्राहक पट्टिकाच हालवून हाताचा कंप निवारण्याची युक्ति डिजिटल एसएलआरमध्यें प्रथम त्यानेंच आणिली. १९८५ च्या ७००० या कॅमेऱ्याचीं भिंगेंहि त्यावर बसतात. परंतु त्याच्या आंतील विद्युत्-रचना बिघडली, तर दुरुस्ती दुर्घट.

तेव्हां जुनें तेवढें सोनें, असा आमचा पक्ष नाहीं. जुन्यावरील प्रेम पुष्कळदां निव्वळ मोह असतो. वस्तु कपाटांत मिरविली जाते, कीं हातांत राबते, यावरून मोह कोणता व गुणज्ञता कोणती, हें ओळखावें.

यंत्र निर्जीव, त्याचें ऋण कसलें, असें कोणी म्हणेल. ऋण यंत्राचें नव्हेच. ज्या कारागिरांनीं तें चोख घडविलें, त्यांचें आहे. पेढीची हमी मुदतीबरोबर संपली, तरी त्यांचें कौशल्य त्यांत अद्याप नांदत आहे. जोंवर तें काम देतें, तोंवर त्याकडून काम घेणें, हीच त्या ऋणाची फेड होय.