निरभ्र आकाशाखाली

मननासाठी शास्त्रभाग : १ राजे १८:४१-४६, १९:९-१२



अमेरिकेच्या मध्यभागी टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांतून विस्तीर्ण मैदाने पसरलेली आहेत. एप्रिल ते जून या काळात गडगडाटी वादळांचा माग काढणारे लोक तेथे हिंडत असतात. काही शास्त्रज्ञ, काही विद्यार्थी, काही हौशी. त्यांच्या उद्योगाला पाठलाग म्हणतात खरे. परंतु त्यांचा पुष्कळसा वेळ वाट पाहण्यातच जातो. सकाळी हवामानाचे नकाशे अभ्यासायचे, शेकडो किलोमीटर मोटार हाकायची आणि भर दुपारी रस्त्याच्या कडेला निळ्या आकाशाकडे पाहत उभे राहायचे.

ते आकाश निरभ्र असते, पण रिकामे नसते. मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा येत असते. तिच्यावर पुष्कळदा उष्ण, कोरड्या हवेचा थर पसरतो आणि झाकणासारखा तिला वर चढू देत नाही. उन्हाने खालची शक्ती मात्र वाढत राहते. झाकण कोठे फुटलेच, तर तासाभरात दहा-बारा किलोमीटर उंचीचे मेघ उभे राहतात. कित्येक दिवशी ते फुटतच नाही. सूर्य मावळतो आणि माणसे रिकाम्या हातांनी परततात.

कर्मेलावर एलीयाही निरभ्र आकाशाखालीच प्रार्थना करीत होता. देशात दीर्घ अवर्षण होते. त्याने आपल्या सेवकाला समुद्राकडे पाहण्यास पाठवले. सहा वेळा सेवक परत आला आणि काहीच दिसत नसल्याचे त्याने सांगितले. सातव्या वेळी तळहाताएवढा मेघ दिसला.

आपण त्या लहानशा मेघाविषयी पुष्कळ ऐकतो; त्या सहा फेऱ्यांविषयी फार थोडे. स्वामीला बरे वाटावे म्हणून सेवकाने खोटा मेघ कल्पिला नाही. एलीयानेही त्याला अविश्वासी म्हटले नाही. पुन्हा पाठवले, एवढेच. आपल्या मंडळ्यांत अशी किती घरे आहेत! मुलाचे व्यसन सुटावे, अंथरुणाला खिळलेला पती उठावा म्हणून वर्षानुवर्षे गुडघे टेकलेली. त्यांना आपण घाईने सांगतो की विश्वास ठेवा, मेघ दिसेल. बंधूंनो, आज काही दिसत नाही, असे देवापुढे खरेपणाने सांगणे हा अविश्वास नव्हे. तसे सांगून पुन्हा पाहण्यास जाणे, हाच विश्वास होय. सायंकाळी आकाश कोरडेच राहिले, तरी आपला देवबाप आपल्याला विसरला असे होत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने प्रार्थना केली, तेव्हा प्याला टळला नाही. तरी पित्याने त्याला कबरेत राहू दिले नाही.

दुसरी गोष्ट अशी की, वाट पाहणे केवळ स्वतःसाठी नसावे. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटी येथे संशोधकांनी एका टोर्नाडोचे चित्रण आरंभापासून अखेरपर्यंत केले. डॉप्लर रडारनेही त्याची नोंद घेतली. टोर्नाडो भूमीला टेकण्यापूर्वीच त्याची खूण वर मेघात उमटली होती, असे पुढील अभ्यासात आढळले. अशा ज्ञानातून गावांना आगाऊ इशारा देणे शक्य झाले. त्यांच्या जागण्याने झोपलेल्यांचे प्राण वाचतात. पहारेकऱ्याचे काम हेच, असे यहेज्केल संदेष्टाही आपल्याला शिकवतो. ज्याने दीर्घकाळ वाट पाहिली आहे, त्यालाच वाट पाहणाऱ्या शेजाऱ्याजवळ कसे बसावे हे कळते.

परंतु एक सावधगिरी असावी. ३१ मे २०१३ रोजी एल रीनो येथील टोर्नाडोत टिम समारास हे अनुभवी संशोधक, त्यांचा पुत्र आणि एक सहकारी मृत्युमुखी पडले. वादळ कोणाच्याही स्वाधीन नसते, आणि ते भक्तीचा विषयही नव्हे. पाऊस मागून मिळवणारा एलीया पुढे होरेबावर गेला, तेव्हा परमेश्वर सुसाट वाऱ्यात नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीतही नव्हता. त्यानंतरच्या मंद वाणीत तो त्याच्याशी बोलला. म्हणून आपण चमत्काराची नव्हे, तर परमेश्वराची वाट पाहू या. मेघ येण्यास विलंब लागेल. तो मात्र निरभ्र आकाशाखालीही आपल्याजवळच असतो.

हे दयाळू पित्या, ज्यांचे आकाश आज कोरडे आहे, त्यांना पुन्हा एकदा पाहण्याचे बळ दे, आणि त्यांच्यासोबत जागणारे बंधुभगिनी दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.