समान चुकीचा पुरावा

दोन पोथ्यांत एकच शुद्ध पाठ आढळला, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु दोहोंत एकच चूक आढळली, तर त्यांचे मूळ एक असावे असे अनुमान निघते. पाठचिकित्सकांचे हे जुने तत्त्व आहे. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवाशास शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत नकला होता होता इतके अपपाठ शिरले, की शके १५०६ मध्ये एकनाथांस तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. त्या नकलकारांस कोणी चोर म्हटले नाही, कारण दुसऱ्याचे लेखन ते आपले म्हणून मिरवीत नव्हते.

संगणकाचा प्रोग्राम उतरविणारा विद्यार्थी नेमके तेच करतो. तो व्हेरिएबलांची नावे बदलतो, टीपा पुसतो. परंतु मूळ लेखकाने उगाच लिहिलेली, पुढे कोठेही उपयोगी न पडणारी एखादी ओळ तशीच राहून जाते. अमेरिकेतील प्राध्यापक अलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये तयार केलेले ‘मॉस’ हे साधन नावांच्या अदलाबदलीस भुलत नाही. ते प्रोग्रामचे लहान तुकडे पाडून त्यांचे जणू ठसे घेते व ते परस्परांशी ताडून पाहते.

तथापि साम्य म्हणजे चोरी नव्हे. संख्या मूळ आहे की नाही हे पाहणारा दहा ओळींचा प्रोग्राम तीस जणांनी लिहिला, तर तो निराळा होणार तरी कसा? शिवाय देणारा कोण व घेणारा कोण, हे ठशांवरून कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये प्रबंधादी लेखनाकरिता १०, ४० व ६० टक्के साम्याच्या पायऱ्या ठरविल्या. तोच गज विद्यार्थ्यांच्या जर्नलास लावावा, असे म्हणणारे स्नेही आम्हांस भेटतात. आम्हांस ते मुळीच मान्य नाही. पाथर्डीकडील खेड्यातून आलेला, घरी संगणक नसलेला मुलगा मित्राशेजारी बसून शिकतो. त्याच्या लेखनात मित्राची वळणे येणारच. उलट जो आपले सारे काम चॅट-जीपीटीकडून करवून आणतो, त्याचे साम्य वर्गात कोणाशीच न जुळल्यामुळे तो बहुधा निर्दोष सुटतो.

विद्यार्थ्यास समोर बसवावे, त्याच्या प्रोग्राममधील एक ओळ काढावी आणि आता काय घडेल ते विचारावे. ज्यास ते समजले आहे तो सांगेल, मग त्याने ते कोणाकडूनही शिकलेले असो. साठ विद्यार्थ्यांस प्रत्येकी दहा मिनिटे दिली, तर दहा तास लागतात. वेळापत्रकात हे दहा तास कोठेच नसतात, आणि म्हणून यंत्राने दिलेल्या टक्क्याखाली शिक्षकाची सही होते.