मुक्याचा नकार

‘पण’ हा शब्द आपल्या भाषेत दोन कामे करतो. एक पण लावायचा असतो आणि दुसरा पण मनात यायचा असतो. द्यूतात जे मांडले जाते तो पहिला. बोलता बोलता माणूस जिथे थबकतो तो दुसरा. शर्यतीच्या मैदानावर पहिल्या ‘पण’चा गलबला इतका मोठा असतो की दुसरा कोणाच्या कानी पडत नाही. वसुबारसेला सवत्स गाईची पूजा करून आपण दिवाळीला आरंभ करतो, पाडव्याला कित्येक गावांत गुरांना ओवाळतात, आणि भातकापणी उरकली की त्याच गुरांतले काही बैल शर्यतीला जुंपले जातात. ओवाळणारे हात तेच आणि जुंपणारेही तेच. म्हणून या दुसऱ्या ‘पण’ची आठवण सणाच्या दिवसांतच करावी असे मला वाटते.

भोर-वेल्ह्याचा मुलूख हा मुळी भाताचा. रोहिडा, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या पायथ्याची खाचरे, नीरा आणि वेळवंडीचे खोरे, भाटघरचे अफाट पाणी. इथला बैल पिढ्यान् पिढ्या गुडघाभर चिखलात चिखलणी करीत आला. तो अंगाने आटोपशीर, पायाने घट्ट आणि स्वभावाने सोशीक. शर्यतीचा बैल मात्र बहुधा वेगळाच असतो. तो माणदेशाकडचा खिलार. आटपाडी, सांगोला, खरसुंडी या बाजूच्या बाजारांतून पारखून आणलेला. पांढराशुभ्र, लांब निमुळत्या शिंगांचा, पातळ कातडीचा, आणि झेंडा हलला की अंगावर शहारा येणारा. त्याच्या खुराकात गव्हाचा भरडा, उडीद, दूध, अंडी असतात. त्याला नदीत पोहणी घालतात, त्याचे अंग चोळतात. घरातल्या पोराला दूध मिळाले की नाही याची चौकशी नंतर होते, बैलाची आधी होते, असे बायका हसत हसत सांगतात. त्या हसण्यात थोडी तक्रारही असते.

शर्यतीचाही एक हंगाम असतो. दिवाळीनंतर रान मोकळे झाले की तो सुरू होतो, माघ-फाल्गुनात रंगतो, चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रांत ऐन भरात येतो आणि वळिवाच्या पहिल्या सरींबरोबर ओसरतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर, आंबेगाव, खेड या बाजूंना, घाटातला बैलगाडा असतो. पुढे घोडी धावते, मागे गाडा सुटतो, आणि चढाच्या माथ्यावर निकाल घड्याळाच्या सेकंदांवर लागतो. निमगावच्या खंडोबाचा घाट त्यासाठी प्रसिद्ध आहे. दक्षिणेला साताऱ्याच्या अंगाने गेलो की सपाट माळावरची छकडी दिसते. दोन बैल, हलका छकडा आणि त्यावर कासरा धरून ओणवा झालेला हाक्या. शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्यांतून गाड्या सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. पुढचे काही क्षण धुरळ्याखेरीज काही दिसत नाही. वर्षभराचा खुराक, पोहणी, उसनवारी आणि नवस, सगळे त्या धुरळ्यात असते.

आणि बक्षीस काय? ढाल असते, रोख रक्कम असते, फटफटी असते. मोठ्या मैदानात चारचाकी गाडी नाहीतर ट्रॅक्टर. ज्या यंत्राने बैलाला शेतातून उठविले तेच यंत्र बैलाच्या गळ्यात विजयमाळेसारखे पडावे, हा दैवाचा विनोद मला फार बोलका वाटतो. खाचरात आता पॉवर टिलर फिरतो. बैलाचे काम गेले आणि खेळ तेवढा उरला.

हा खेळ काही वर्षे बंदही होता. 2011 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींनाही मनाई केली. बैलाच्या शरीराची घडण घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, तो ओढकामाचा प्राणी आहे, हा त्या निकालातला एक प्रमुख मुद्दा होता. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून शर्यतींना वाट करून दिली, परंतु उच्च न्यायालयाने ती अडविली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचाही कायदा वैध ठरविला. आता बैलाला क्लेश दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचा प्रश्न असा सुटला. परंतु कायद्याने ज्याची मुभा दिली ते आपोआप धर्म्य होते असे नाही, आणि कायद्याने ज्याला मनाई केली ते सारे पापच असते असेही नाही. न्यायालय उठले की मग आपले स्वतःचे न्यायालय भरते.

तिथे शर्यतीच्या बाजूने तीन साक्षी येतात. पहिली साक्ष परंपरेची. तिच्यामागे एक रास्त दुखणे आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात आणि मुंबईच्या महालक्ष्मीला हिवाळ्यात घोडे धावतात, त्यांच्यावर उघडपणे पैसा लागतो, आणि त्याला कोणी रानटी म्हणत नाही. मग खेड्यातल्या बैलानेच काय घोडे मारले, असे माणसे विचारतात. या विचारण्यात सत्य आहे. परंतु त्यातून शहराचे ढोंग तेवढे सिद्ध होते, बैलाचे सुख सिद्ध होत नाही. परंपरा जुनी असते एवढ्यानेच ती शहाणी ठरत नाही. नाहीतर आपल्या आज्यांनी केशवपन सोसले तेही आपण चालू ठेवले असते.

दुसरी साक्ष जातिवंत जनावराची. शर्यत नसती तर खिलार कोणी पाळला असता, असे म्हणतात. हे बरेचसे खरे आहे. ज्या बैलाला काम नाही आणि मैदानही नाही, त्याच्यावर आज कोण खर्च करील? परंतु ‘माझ्यामुळे तू जन्मलास’ हे वाक्य बाप मुलाला ऐकवितो तेव्हा आपल्या कानांना ते बोचते. जन्म दिल्याने ऋण फिटत नाही. उलट ते तिथूनच सुरू होते.

तिसरी साक्ष प्रेमाची, आणि तीच सर्वांत अवघड. भोरजवळच्या एका खेड्यातल्या वृद्ध शेतकऱ्याशी या विषयावर माझे एकदा बोलणे झाले. सगळे गाव त्यांना आबा म्हणते. मी म्हटले, “आबा, बैलाला पळायचं आहे की नाही, हे तुम्हाला कसं कळतं? तो काही बोलत नाही.” आबा गव्हाणीत कडबा सारीत होते. वर न पाहताच म्हणाले, “तोंडानं न्हाई बोलत, मास्तर. पर अंगानं बोलतो की. छकडा दिसला की कान टवकारतो, दाव्याला हिसडे देतो. आन् एखाद्या दिशी जूच खांद्यावर घेत न्हाई. मान काढून घेतो. त्या दिशी मी गाडी जुपत न्हाई, मग पावती फाडलेली असंना का.”

आबांच्या या बोलण्यात शर्यतीची सगळी नीती आली आहे, असे माझे मत आहे. बैल मुका आहे हे अर्धेच खरे. त्याला होकार आहे आणि नकारही आहे. मान काढून घेणे, जुवाखाली बसकण मारणे, चाकोरी सोडून बाहेर पळणे, ही त्याची भाषा आहे. आता खिळा ठोकलेली काठी, विजेचा धक्का देणारी बॅटरी, शेपटीला दिलेला पिळा किंवा चावा, ज्यांच्यावरून हा सारा न्यायालयीन झगडा झाला, ती साधने कशासाठी असतात? पळणाऱ्या बैलाला ती लागत नाहीत. ज्याने ‘नाही’ म्हटले त्याच्याकडून ‘हो’ वदवून घेण्यासाठी ती असतात. बैलाच्या अंगावरची जखम वाईट खरीच. परंतु तिच्यामागे एक अधिक वाईट गोष्ट असते. तो बोलला होता, ते आपल्याला समजले होते, आणि समजूनही आपण ते पुसून टाकले.

इथे मला सातासमुद्रापलीकडची एक शर्यत आठवते. अमेरिकेत ‘स्टॉक कार’ म्हणून मोटारींच्या शर्यती होतात. स्टॉक म्हणजे दुकानात मिळते तशी, रोजच्या वापराची गाडी. दारूबंदीच्या काळात चोरटी दारू वाहणाऱ्यांनी पोलिसांना चुकविण्यासाठी साध्याच मोटारी वेगवान करून घेतल्या, आणि पुढे त्याच एकमेकींशी भिडू लागल्या. 1948 साली त्यांची संघटना, ‘नॅसकार’, उभी राहिली. तिचाही हंगाम असतो, फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत. आपला छकडा हीदेखील एका अर्थाने स्टॉक कारच. शेणखत आणि पेंढा वाहणाऱ्या घरच्या गाडीतून तो निघाला आणि हलका होत होत ओळखू न येण्याइतका बदलला. तिकडच्या मोटारीही आता दुकानातल्या मोटारीसारख्या केवळ वरून दिसतात.

18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट नावाचा त्यांचा सर्वांत लाडका चालक भिंतीवर आदळून मरण पावला. लोक हळहळले, परंतु हळहळून थांबले नाहीत. त्याच वर्षी मान आणि डोके आवरून धरणारा पट्टा चालकांना सक्तीचा झाला; पुढे मैदानांच्या भिंतींवर आघात शोषून घेणारे अडसर बसले. त्यानंतर त्यांच्या सर्वांत वरच्या मालिकेत शर्यतीत चालकाचा जीव गेलेला नाही. प्रेम किती आहे हे डोळ्यांतल्या पाण्यावरून कळत नाही. त्या पाण्यातून कोणता नियम निघाला यावरून कळते. पण एक अंतर विसरता येत नाही. तिकडे स्वतःचा जीव पणाला लावणारा माणूस स्वतःच गाडीत बसलेला असतो. तो पट्टा मागू शकतो, करार फाडू शकतो, उद्यापासून येत नाही म्हणून घरी बसू शकतो. आपल्या छकड्यात हाक्याला ते स्वातंत्र्य आहे. बैलाला नाही.

पणाला स्वतः लागणे आणि दुसऱ्याला लावणे यांतला हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. हस्तिनापूरच्या सभेत धर्मराजाने भाऊ लावले, स्वतःला लावले, आणि शेवटी द्रौपदीला लावले. द्रौपदीने विचारले, आधी राजा स्वतःला हरला की मला? जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कुठला? भीष्मासारखा ज्ञाता धर्माची गती सूक्ष्म आहे एवढेच म्हणू शकला. ती सभा आपण अधर्माची मानतो ती केवळ फाशांच्या कपटामुळे नव्हे. प्रश्न विचारला गेला, सर्वांनी ऐकला, आणि बहुतेक सगळे खाली मान घालून बसले, म्हणून. बैल तर द्रौपदीइतकेही विचारू शकत नाही. तो फक्त मान काढून घेतो.

मग शर्यती बंद कराव्यात काय? मला तसे वाटत नाही. बंदीच्या वर्षांत बैलाचे भले झाले असे म्हणवत नाही. उपेक्षा ही क्रौर्याचीच सोशीक बहीण आहे. परंतु हंगामाचा हिशेब मैदानावर मांडू नये असे मात्र वाटते. तो आषाढ-श्रावणात गोठ्यात मांडावा. जिंकलेल्या बैलाची छायाचित्रे घरोघर लागतात. पहिल्या गटातच मागे पडला त्याचे काय झाले? ज्याचा पाय मुरगळला तो कुठे आहे? 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे म्हाताऱ्या बैलाला कसायाची वाट कायद्याने बंद झाली. पण गव्हाणीची वाट त्यामुळे आपोआप उघडली असे नाही. दोन एकर भातशेतीवाला माणूस निकामी बैल किती वर्षे पोसणार, हा प्रश्न खोटा नाही, आणि तो एकट्या मालकावर ढकलणे हाही अन्यायच होईल. ज्यांनी शिट्ट्या मारल्या, ज्यांनी फटाके उडविले, ज्या मंडळांनी ट्रॅक्टर उभा केला, ते सगळे त्या धावेचे वाटेकरी आहेत. ट्रॅक्टरसाठी वर्गणी जमते तशी थकलेल्या बैलांच्या कडब्यासाठीही जमू शकते. बक्षिसाची रक्कम थोडी कमी झाली म्हणून बैल कमी पळणार नाही. त्याला ती रक्कम ठाऊकच नसते.

आपण सारेच कोणाला ना कोणाला जुंपीत असतो. मुलांना परीक्षेच्या चाकोरीत, घरच्या लक्ष्मीला सणाच्या रगाड्यात, हाताखालच्या माणसाला आपल्या नावलौकिकासाठी. त्यांच्यातले बहुतेक तोंडाने ‘नाही’ म्हणत नाहीत. फराळाच्या ताटावरून उठताना कोणी गप्प असले, किंवा उत्सवाच्या गर्दीत कोणाची मान जुवाखालून हळूच निसटू पाहत असली, तर ती ओळखू येणे हे मला मोठ्या विद्येचे लक्षण वाटते. आबांना ती विद्या बैलाने शिकविली. ज्या दिवशी बैलाने मान काढून घेतली त्या दिवशी फाडलेल्या पावतीचे पैसे बुडाले, आणि आबांनी ते बुडू दिले.