राखलेला उतार

सिंहगडाच्या पायथ्याशी दोन भाऊ राहत. थोरल्याच्या म्हशी आणि शेळ्या; रविवारी पुण्याहून गड चढायला येणाऱ्यांना मडक्यातलं दही विकून घर चाले. धाकट्याला झाडांचं वेड. घरामागचा डोंगरउतार चरून चरून उघडा पडला होता, पावसाळ्यात त्याची माती ओढ्याला लागायची.

एका जूनमध्ये धाकट्यानं साऱ्या उतारावर रोपं लावली. दिवाळीपर्यंत शेळ्यांनी एकूण एक शेंडा खुडला.

"तुझ्या शेळ्यांनी रान मारलं," धाकटा म्हणाला.

"मग त्यांनी काय दगड चघळायचे?" थोरला उसळला.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "शेळीचं तोंड पोचतंय तोवर झाड लेकरू असतं. लेकराला राखावं लागतं, मग तेच आपल्याला पोसतं. सगळा डोंगर कशाला अडवता? तिसरा हिस्सा अडवा."

धाकटा वारज्याला बायफच्या कचेरीत गेला. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला उभी केलेली ही संस्था. दुभत्या जनावरांबरोबर चाऱ्याच्या झाडांचंही काम तिनं गावोगाव नेलं. तिथल्या सल्ल्यानं भावांनी उताराचा एक हिस्सा अडवून समतल चर खणले, बांधावर शेवरी नि सुबाभूळ लावली, मधल्या जागेत अंजन गवत. भोवती निवडुंग आणि सागरगोटा.

पहिली दोन वर्षं थोरला कुरकुरत विळा घेऊन आत जाई. पण चरताना निम्मं गवत पायाखाली जायचं, ते आता भाऱ्यानं गोठ्यात येऊ लागलं. वाळायच्या आत कापल्यानं वणव्याची धास्तीही कमी झाली. पण असं कापून आणणं कष्टाचं काम आहे, आणि इथेच अनेकांचा धीर सुटतो.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात आसपासचे लोक कडबा विकत आणत होते. थोरल्यानं सुबाभळीच्या फांद्या उतरवल्या. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून त्याच्या हातातलाच डहाळा ओढू लागली. नुसता सुबाभळीचा पाला बाधतो, म्हणून एक वाटा पाला आणि दोन वाटे गवत असा हिशेब त्यानं धरला. दह्याची मडकी त्या उन्हाळ्यात रिकामी राहिली नाहीत.

पाऊस पडला तशी त्यानं पहिल्या हिश्शाचं फाटक उघडून जनावरं आत सोडली. मग कुणी न सांगता पहार उचलून दुसऱ्या हिश्शाच्या कुंपणाला लागला. धाकट्यानं नव्या खड्ड्यांसाठी त्याच्याकडे लेंडीखत मागितलं.